व्याह्याकडचं हॉल्टिंग

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१३

जनी म्हणाली, "अवो, रातदिस माज्या कानाशी भुनभुन लावलीय. आता कागदाला सांगा, त्याला कान नायत." म्हणून ही डायरी काढली. टायरवाल्याने दिलेली. पुढची चार पानं माझ्या पोराने, शैलेशने, डिझेलच्या आकड्यांनी भरून ठेवली आहेत. मी आठवी नापास. अक्षर बरं आहे असं गुरुजी म्हणायचे, बाकी काही बरं म्हटलेलं आठवत नाही.

गाडी अजून तळोज्याला गोडाऊनच्या दारात उभी आहे. लोकांना वाटतं उभी गाडी म्हणजे आराम. उभ्या गाडीचा हप्ता चालू असतो, विमा चालू असतो, पोराचं खाणंपिणं चालू असतं. बॅटरी उतरते. भाडं तेवढं चालू नसतं. गोडाऊनवाला म्हणतो, आत जागा नाही, थांबा. थांबतोच आहोत. त्याचा माल आमच्या गाडीवरच्या डब्यात, म्हणजे कंटेनरात, सुखाने पडला आहे. म्हणजे आमची गाडी हेच त्याचं गोडाऊन, आणि तेही फुकट.

काम दीनानाथशेठचं. त्यांचा ट्रान्सपोर्ट आहे, आमच्यासारख्या एकेका गाडीच्या मालकांना ते भाडी देतात. शिवाय ते माझे व्याही. माझी आशा त्यांच्या थोरल्याला दिली आहे. ऑफिसात मी त्यांना शेठ म्हणतो, घरी व्याही म्हणतो. फोनवर काय म्हणावं ते कळत नाही, म्हणून आज फोन केला नाही.


गुरुवार, ७ फेब्रुवारी

माल उतरला, गाडी खाली झाली. दहा दिवस लागले. शैलेश घरी आला तो सरळ न्हाणीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मला वाटलं चक्कर आली. दोनदा दार वाजवलं. आतून म्हणाला, "बाबा, जिवंत हाय मी."

येताना तो शेठच्या ऑफिसात हॉल्टिंग मागायला गेला होता. गाडी खोळंबली की रोजाचे पैसे मिळावेत, त्याला आम्ही हॉल्टिंग म्हणतो. म्हणतो एवढंच, मिळत कधी नाही. तिथला कारकून हसून म्हणाला, "घरच्या घरात कसलं हॉल्टिंग, शैलेशदादा?"

शैलेश असंही सांगतो की गोडाऊनच्या साहेबाने त्याला तोंडावर सांगितलं, खोळंब्याचे पैसे आम्ही तुमच्या शेठला दर महिन्याला देतो. पोराचा ऐकण्यात काही घोटाळा झाला असेल. व्याही असं करणार नाहीत. आशाच्या लग्नात त्यांनी हुंड्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं.


रविवार, १० फेब्रुवारी

रोडपालीला देवळामागे सगळे गाडीमालक जमले होते. शिवा बोलला. शिवा म्हणजे गव्हाणच्या माझ्या मावसभावाचा मुलगा, स्वतःची गाडी स्वतः चालवतो. आवाज मोठा, पण डोकं जागेवर असतं. तो म्हणाला, संप करून शेठला काय फरक पडतो? तो दुसऱ्या गाड्या लावील. आपण गाडी खाली करू, पण रिकामा डबा यार्डात परत देऊ नये. डबा जहाज कंपनीचा. उशीर झाला की तिचं भाडं शेठच्या डोक्यावर चढतं.

"आपल्याला खोलंबा काय असतो ते ठावं हाय," शिवा म्हणाला, "जरा शेठला बी कलू दे."

मागणी ठरली. पहिला दिवस सोडायचा, पुढे रोजचे दोन हजार. आणि एकट्याने कुणी मिटवायचं नाही. मध्ये नारळ ठेवला आणि एकेकाने येऊन हात लावला. तळोज्याचे इस्माईलभाई म्हणाले, "नारळाला मी हात लावत नाही, पण माझी जबान नारळापेक्षा कडक आहे. फोडून बघा." सगळे हसले.

माझी पाळी आली तेव्हा शिवाने विचारलं, "काका, तुमी तर व्याही. तुमचं कसं?"

मी हात लावला. लगेच मागे घेतला, कारण मागे रांग होती. पण लोकांना काय वाटलं असेल?


गुरुवार, १४ फेब्रुवारी

आमचा रिकामा डबाही रांगेत उभा आहे. म्हणजे गाडी पुन्हा उभीच. पूर्वी दुसऱ्याच्या मर्जीने उभी होती, आता आपल्या. हप्त्याला त्यातला फरक कळत नाही.

दुपारी व्याह्यांचा फोन आला. मी उभा राहूनच बोललो. ते म्हणाले, "व्याही, शनिवारी सत्यजीतची हळद हाय. धंदा धंद्याच्या जागी, सोयरीक सोयरिकीच्या जागी. आला नायत तर माजं नाक कापलं जाईल." सत्यजीत त्यांचा धाकटा.

किती मोठ्या मनाचा माणूस. इकडे त्यांचे डबे आम्ही अडवून बसलो आहोत आणि ते आवर्जून बोलावतात.

शिवाला विचारून घेतलं, नंतर बोलाचाली नको. तो म्हणाला, "जावा की काका. पोटभर जेवून या. फक्त येताना काय घेऊन येऊ नका." मला वाटलं मटणाबद्दल म्हणतो. मी म्हटलं, आपल्यात हळदीचं मटण बांधून आणायची पद्धत नाही.


रविवार, १७ फेब्रुवारी

काल हळद झाली. मांडव एवढा मोठा की आमचा ट्रेलर आत वळला असता. धवलारीण बाई लग्नाची गाणी मोठ्या गळ्याने गात होती आणि पलीकडे बँड, त्यामुळे कुणाचंच काही ऐकू येत नव्हतं. मला एका खुर्चीवर बसवलं. पुढच्या रांगेत सगळे ट्रान्सपोर्टवाले. त्यांच्या पँटची इस्त्री बघून मी पाय खुर्चीखाली घेतले.

जेवणाआधी व्याह्यांनी बँड थांबवला. माझ्याजवळ आले, डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि हातात पाकीट दिलं. मोबाइलवर फोटो काढले. मी गोंधळून गेलो. एवढा मान मला आशाच्या लग्नातही मिळाला नव्हता. पाकीट जाड लागलं. मुलीच्या घरचं आपण पाणीही जपून पितो, पण मान वेगळा. मान नाकारला तर भर मांडवात अपमान, आणि तो आशाला जन्मभर ऐकावा लागेल. घेतलं.

आशा चुलीकडच्या बाजूला उभी राहून बघत होती. मी हात केला, पण ती आली नाही. कामात असेल.

आज सकाळी जनीने पाकीट उघडलं. नऊ हजार. आम्ही दोघं बघतच राहिलो. मग माझ्या ध्यानात आलं की वर रुपया नाही. पाकीट झटकून पाहिलं, खाली चटईवर पाहिलं. नाही. आहेराच्या, मानाच्या पैशावर रुपया नाही म्हणजे पुढे वाढ नाही. अशुभ. लग्नघरात घाईगर्दीत राहून गेला असणार. पण त्यांना विचारायचं तरी कसं? जनीने तिच्या बटव्यातला रुपया काढला आणि आत टाकला. मग मला बरं वाटलं.


मंगळवार, १९ फेब्रुवारी

हप्त्यासाठी फायनान्सचा माणूस दारात येऊन बसला. चांगला माणूस आहे, पाणी मागून प्यायला, पण उठेना. जनीने मानाचे पैसे काढले. शैलेश म्हणाला, "बाबा, हे नक्की कशाचे?"

"मानाचे."

चेकनाक्यावरचा माणूस कागद बघतो तसं त्याने माझ्याकडे बघितलं. पैसे गेले. रुपया तेवढा जनीने देवापाशी ठेवला.

डिझेल पुन्हा वाढलं आहे. गाडी उभी असताना वाढलं म्हणून आपल्याला काय, असं मनात आलं आणि मग वाटलं, हा काय विचार झाला?


शुक्रवार, २२ फेब्रुवारी

आज नाक्यावर चहाला गेलो. मला बघून कुणी सरकलं नाही. मी उभ्यानेच चहा घेतला. इस्माईलभाई एरवी बशी पुढे करतात, आज कपात बघत होते.

शिवा म्हणाला, "काका, पाकिटात किती व्हते?"

मी का लपवू? सांगितलं, नऊ हजार.

"वर रुपया व्हता का?"

मी म्हटलं, "नव्हता. घाईत राहिला असेल. जनीने घातला."

शिवा हसला. पण ते हसणं बरं नव्हतं. "म्हंजे शेठचा रुपया बी तुमीच भरला."

मग त्याने सांगितलं. तुमची गाडी तळोज्याला दहा दिवस होती. पहिला सोडला तर नऊ. नऊ दिवसांचे रोज हजार. शेठ चार दिवस सगळ्यांना फोटो दाखवून सांगतो आहे, माझ्या व्याह्याने अर्ध्या भावात मिटवलं, तुमच्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस, नारळाला हात लावलेला, तुम्ही कशाला ताणता? दोघांनी काल अर्धे घेऊन डबे परत केले.

मी म्हटलं, "तो मान होता रे."

"मान व्हता तर वर रुपया असता, काका."

इस्माईलभाई म्हणाले, "जाऊ दे शिवा, म्हाताऱ्याला रडवतोस काय?" मी रडत नव्हतो. डोळ्यातून पाणी येतं ते मोतीबिंदूचं.


शनिवार, २३ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. परत द्यावे तर आशा त्या घरात आहे. न द्यावे तर उद्या नाक्यावर तोंड कसं दाखवू? जनी म्हणते, "मान परत करायची रीत आपल्यात नाय." मी म्हटलं, पण तो मान नव्हताच. ती म्हणाली, "टोपी तर मानाचीच हाय ना? खुंटीला टांगलीय. ती बगा आन् गप बसा."

टोपी बघत बसलो. चांगल्या कापडाची आहे. त्याचा काय उपयोग?

शैलेश घरात बोलत नाही. माझ्याशीच नाही, कुणाशीच नाही. गाडीखाली शिरून काहीतरी ठोकत बसतो. ठोकण्यासारखं काही बिघडलेलं नाही.


रविवार, २४ फेब्रुवारी

आशा लग्नाचे लाडू घेऊन आली. एकटीच, रिक्षाने. जनी चहा टाकायला आत गेली तशी ती म्हणाली, "बाबा, पाकीट मीच भरलेलं."

मला काही कळलं नाही.

"मामंजींनी नऊ हजार दिले आन् बोलले, वर रुपया घाल, मानाचं हाय. मी नाय घातला. बोलले, बाबांना कलेल. मानावर रुपया नाय बगितला की बाबा इचारतील, हे कशाचे? तुमी इचारलंच नाय."

मी म्हटलं, "रुपया आम्ही घातला."

तिने तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडते. ती हसत होती. हसता हसता मग रडली. जनी चहा घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

मी म्हटलं, "परत केले तर तुझे हाल होतील, म्हणून मी..."

तेव्हा मात्र ती चिडली. अशी चिडलेली मी तिला लहानपणी बघितली होती, भावाने तिची बोरं खाल्ली तेव्हा. "मामंजी म्हनतात, आशाकडे बगून व्याही गप बसतील. तुमी म्हनता, आशाकडे बगून गप बसलो. सगले माज्याकडेच बगतात, मला कोनी इचारलंय का? तुमी मामंजींना भिता, बाबा. तसं सरल बोला. मला मदी घालू नका."

लाडू ठेवून गेली. जाताना पाया पडली. मी आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही.


मंगळवार, २६ फेब्रुवारी

नऊ हजार जमवणं सोपं नव्हतं. शैलेशने न विचारता स्टेपनी विकली. कमी पडले ते जनीने सुक्या मासळीच्या डब्यातून काढले. नोटांना वास येत होता. त्या डब्यात पैसे असतात हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

सकाळी शेठच्या ऑफिसात गेलो. शैलेश, शिवा आणि इस्माईलभाई मागे उभे होते. बाहेरही बरेच जण होते. व्याही म्हणाले, "या व्याही, बसा. चहा सांगा रे."

मी बसलो नाही. बसलो असतो तर उठता आलं नसतं. पाकीट टेबलावर ठेवलं आणि घरून पाठ करून आणलेलं बोललो. "टोपी आणि टॉवेल मी ठेवून घेतलाय. तो मान, तो मिळाला. हे पैसे मानाचे नाहीत. हॉल्टिंगचे असतील तर अर्धे आहेत. मला सगळ्यांबरोबर पाहिजेत."

व्याह्यांनी पाकीट उघडून नोटा अंगठ्याने चाळल्या. मासळीचा वास त्यांनाही आला असावा. मग म्हणाले, "एकदा काय ते ठरवा. मी तुमचा शेठ, का व्याही?"

हे मी पाठ केलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, "इथं शेठ."

"मग शेठ म्हनून सांगतो. आजपासून तुमची गाडी माज्याकडे नको."

शिवा पुढे सरकला तसा शैलेशने त्याला धरलं. माझ्या मागून इस्माईलभाई म्हणाले, "शेठ, एक गाडी कमी झाली. बाकीच्यांचे डबे अजून उभेच आहेत."

बाहेर आलो. ज्या दोघांनी अर्धे घेतले होते ते पायरीवर उभे होते. त्यातला एक म्हणाला, आम्हीही उरलेले मागणार. मला पाणी पाहिजे होतं. कुणीतरी स्टूल दिलं.

आशाचा फोन लागत नाही.


रविवार, ३ मार्च

मिटलं. पहिला दिवस सोडून रोजचे सतराशे. दोन हजार नाहीत, पण हजारही नाहीत. मागचंही देणार, पण ज्यांच्या गाड्या शेठकडे लागल्या आहेत त्यांनाच. आमची आता नाही. आमचा डबाही बाकीच्यांबरोबर यार्डात गेला.

शिवा पेढे घेऊन आला. म्हणाला, "काका, तुमचं बी वसूल करतो. न्हाय तर आमी वर्गनी काढतो."

मी म्हटलं, नको.

तो गेल्यावर जनी कडाडली. "देवमानूस झालात का? नको कशाला बोललात?" मलाही कळत नाही. तोंडातून गेलं. आता पुन्हा जाऊन हो म्हणायचं तर लाज वाटते. स्टेपनी तरी त्यांच्याकडून घ्यायला हवी होती. रात्रभर त्याच विचारात जाणार असं दिसतं.

आशाचा फोन बंदच आहे. जनी म्हणते, जाऊन येऊ. मी म्हणतो, दोन दिवस थांबू. हे मी तीन दिवसांपूर्वीही म्हटलं होतं. आशा म्हणते ते खरं आहे, मी भितो.


शनिवार, ९ मार्च

शैलेशला कळंबोलीच्या दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे भाडं मिळालं. कोल्हापूरकडचं. घाटात स्टेपनीशिवाय जायचं म्हणजे जिवावरचा खेळ. मी सांगितलं, सावकाश जा, मागचे टायर थांबून बघ, मागच्या डाव्या टायरला हवा कमी बसते. तो म्हणाला, "बाबा, गाडी मी चालवतो का तुमी?" खूप दिवसांनी एवढं बोलला.


गुरुवार, १४ मार्च

आज आशाचा फोन आला. मी उचलला आणि हॅलो हॅलोच करत राहिलो. जनीने हातातून काढून घेतला, मग पुन्हा मला दिला.

फोन सासऱ्याने काढून घेतला होता का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की मामंजी इतके दिवस तिच्याशी बोलत नव्हते. ताट पुढे केलं की जेवायचे, उठायचे. काल तिने सुक्या मासळीतला जवळा घालून वांगी केली. त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली. आणि खाता खाता, ताटातून मान वर न करता विचारलं, "तुज्या बापाची गाडी आता कुठं उभी असते?"

"मी बोलले, उभी नाय. चालते हाय. बरोबर बोलले ना, बाबा?"

मी म्हटलं, "बरोबर बोललीस."

गाडी मंगळवारपासून कोल्हापूरजवळ एका गोडाऊनच्या दारात उभी आहे. आत जागा नाही म्हणतात. शैलेश सांगतो, हॉल्टिंगचं आधी बोललो आणि मगच डबा लावला, या वेळी मिळेल. मिळेलही. आशाला यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर हसत होती.